एकशे एकवर अडकलेला पारा

आमच्या घरात कुणाला कणकण आली आणि सुनेने कपाटातून थर्मामीटर काढला, की मी हळूच उठून ओट्यावर जाऊन बसतो. नातवंडांना वाटतं, आजोबांना आजारपण बघवत नाही. बायकोला खरं कारण ठाऊक आहे आणि ते सांगायची एकही संधी ती सोडत नाही. "त्यांना दाखवू नका गं, त्यांचा पारा कधीचा एकशे एकवर अडकलाय," असं म्हणून पदर तोंडाला लावते. गावाकडे गेलो तर माझ्या वयाची जी चार-दोन माणसं उरली आहेत, ती मला नावाने हाक मारतच नाहीत. पारावरून आवाज येतो, "आलं का बे एकशेएक?" मी पुढे मास्तर झालो, हेडमास्तर झालो, शाल-श्रीफळ घेऊन निवृत्त झालो. सगळं खरं, पण गावाने मला दिलेली पदवी काही बदलली नाही. ती कशी मिळाली ते आता लिहून टाकतो, म्हणजे माझ्यामागे लोकांनी तिखटमीठ लावून सांगायला नको. तिखटमीठ मीच पुरेसं लावीन.

आमचं गाव वडवणीपासून दोन कोसांवर. घर माळवदाचं, तीन खणांचं. पुढे अंगण, अंगणात गोठा आणि गोठ्याच्या भिंतीला टेकून मायचं खुराडं. माय म्हणजे माझी आई. आमच्याकडे सकाळ व्हायची ती खुराड्याची फळी सरकल्याच्या आवाजाने. आधी पांढरी बाहेर पडायची, मग लंगडी, आणि सगळ्यांत शेवटी, कुणी मानाने बोलावणं धाडल्यासारखी, तांबडी. माय त्यांच्याशी सारखी बोलत असे. आमच्याशी बोलायची त्यापेक्षा जास्त, आणि त्या ऐकायच्याही आमच्यापेक्षा जास्त. दादा, म्हणजे माझे वडील, दिवसाकाठी पाच-सहा वाक्यं बोलायचे. त्यांतली तीन बैलांशी असत. मी दोनदा मॅट्रिक नापास होऊन घरी बसलेला. दोन्ही वेळा शास्त्र या विषयाने माझा घात केला होता. पुढे जे घडलं त्यावरून परीक्षकांचं काही चुकलं होतं असं मला आज वाटत नाही.

त्या वर्षी पावसाने लागोपाठ दुसऱ्यांदा पाठ फिरवली होती. विहिरीवरच्या रहाटाची कुरकुर बंद पडली होती आणि तिच्या जागी दुसरा एक आवाज आला होता. माय नदीच्या कोरड्या पात्रात झिरा उकरून वाटीने पाणी भरायची. त्या वाटीचा तळ वाळूला घासून खर्र खर्र वाजायचा. एक हंडा भरायला अर्धी सकाळ जायची. जेवायला रेशनची लाल ज्वारी. तिची भाकरी परातीतून तव्यावर जाईपर्यंत दोन तुकडे व्हायची. सोबत तरवट्याची भाजी, नाहीतर हुलग्याचं माडगं. घरात कोंबड्या असून अंडं मात्र कुणी खायचं नाही. अंड्यावर घरातलं तेल, मीठ, काडेपेटी यायची. चुकून एखादं तडकलं तर ते आजाऱ्याला. लहानपणी अंडं मिळावं म्हणून मी आजारी पडून बघितलं होतं, पण नेमकं त्या आठवड्यात एकही अंडं तडकलं नाही.

मायचा गावात मान होता तो अंडी बसवण्यासाठी. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांच्या दिशेने निघत, आणि जाताना बायका आपापल्या कोंबड्या, अंडी मायकडे आणून ठेवत. रीत ठरलेली होती. माय अंडी खुडूक, म्हणजे उबवायला बसू बघणाऱ्या, कोंबडीखाली बसवायची, पिलं वाढवायची आणि टोळी परत आली की निम्मी पिलं मालकिणीची, निम्मी मायची. याला वाट्यानं ठेवणं म्हणत. कुणी कधी कागद केला नाही आणि कुणाचं कधी भांडण झालं नाही. अंडी नेहमी सात, नऊ किंवा अकरा, जोडीने कधीच नाहीत. ऊब बघायची तिची रीतही वेगळीच होती. कोंबडी दाणे टिपायला उठली की माय एक अंडं उचलायची, डोळे मिटून पापणीला लावायची आणि घटकाभर तशीच बसायची. मग "हाय" म्हणून परत ठेवायची. मला तो सगळा अडाणीपणा वाटायचा.

तेवढ्यात गावात सहकार आला. पाऊस नव्हता, पण सोसायट्या मात्र भराभर उगवत होत्या. गावच्या आबांनी, ते विविध कार्यकारी सोसायटीचे चेअरमन होतेच, आणखी एक कुक्कुटपालन सहकारी संस्था काढायची ठरवली. आबा उत्साही माणूस. संस्थेत एक कोंबडी यायच्या आधी त्यांनी बीडहून पाटी रंगवून आणली. पाटीवर एका बाजूला कोंबडा, दुसऱ्या बाजूला उगवता सूर्य, आणि दोघांचा आकार सारखाच. मग प्रशिक्षणाला माणूस पाठवायची वेळ आली. बाकी सगळे खडी फोडायला दुष्काळी कामावर जात होते. रिकामा आणि वाचता येणारा असा मी एकटाच. दहा दिवस बीडला राहून मी परत आलो तो एक वही, एक माहितीपत्रक आणि बराचसा अहंकार घेऊन. माहितीपत्रकात कंदिलाच्या उष्णतेवर चालणारं घरगुती उबवणी यंत्र कसं बनवावं ते चित्रासकट दिलं होतं. मी ते मायसमोर वाचून दाखवलं. तिने सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग कोंबडी काय करील?"

"कोंबडी फक्त अंडी देईल. बसायचं काम यंत्राचं."

"बरं," माय म्हणाली आणि भाकरी उलटवली.

यंत्र म्हणजे चहाचं लाकडी खोकं. त्याला आतून गोणपाट, बाहेरून शेणमातीचा लेप, वर झाकणात काच. ही काच कुणा पूर्वजाच्या तसबिरीची होती. पूर्वज तेव्हापासून उघडेच आहेत. खोक्याशेजारी कंदील आणि त्याची गरम हवा आत नेणारी पत्र्याची नळी. ती नळी वडवणीच्या रशीदचाचांनी बनवली. स्टँडजवळ त्यांचं स्टो, बत्त्या दुरुस्तीचं दुकान होतं, आणि मागेच घर. त्यांची बायको हसीनाबी आणि माय यांचं बाजारच्या दिवशी एकमेकींकडे पाणी प्यायल्याशिवाय होत नसे. चाचांनी नळी हातात देताना मला आपादमस्तक पाहिलं. "बेटा, नळीची ग्यारंटी माझी," ते म्हणाले. "अंड्याची नाय."

पहिली खेप सात अंड्यांची. थर्मामीटर पुण्याहून टपालाने यायचा होता, तो आला नव्हता. मी धीर धरावा अशी माझी प्रकृती नव्हती. अंदाजाने वात मोठी ठेवली. तिसऱ्या दिवशी खोक्यातून जो वास यायला लागला तो जिवंत पिलांचा नव्हता. मायने सातही अंडी सोलली, चार चिरा दिल्या आणि ताटात वाढली. कितीतरी वर्षांनी आमच्या घरात सगळ्यांनी एकदम अंडी खाल्ली. दादा एकच वाक्य बोलले, "मीठ दे." मी मान वर न करता जेवलो. खरं सांगायचं तर अंडी चांगली झाली होती.

दोष थर्मामीटर नसण्याचा, हे मी सगळ्यांना पटवलं आणि दवाखान्यातल्या कंपाउंडरकडून ताप बघायचा थर्मामीटर मागून आणला. वहीत लिहिलं होतं, शंभर ते एकशे दोनच्या दरम्यान पारा हवा, आणि या कांडीवर ते आकडे होते. कंपाउंडरने वापरायची रीत सांगायला तोंड उघडलं तसा मी "ठाऊक आहे" म्हणून उठलो. आमच्या घरात ताप मायचा हात बघायचा. कपाळावर हात ठेवून ती "हाय" किंवा "न्हाई" म्हणायची, तेवढ्यावर आम्ही सगळे वाढलो. थर्मामीटर मी त्याआधी फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिला होता, आणि त्या धड्यावरचा प्रश्नही माझा चुकला होता.

आता गयाकाकूचं सांगायला हवं. शेजारच्या घरातली ही बाई, मायपेक्षा दहा वर्षांनी लहान. दर साली नवऱ्याबरोबर आणि लेकीबरोबर कोयता घेऊन तोडीला जायची. उचलीचे पैसे नवऱ्याच्या हातात जात. तिच्या हातात स्वतःचं म्हणावं असं एकच होतं, काळी. काळी म्हणजे उघड्या मानेची कोंबडी, मानेवर एकही पीस नसलेली. गयाकाकूने तिला माहेराहून पिलू असताना पदरात घालून आणलं होतं. लेकीचं परकर-पोलकं, देवीची ओटी, माहेरी जायचं तिकीट, सगळं काळीच्या अंड्यांवर. त्या जातीची कोंबडी आसपास दुसऱ्या कुणाकडे नव्हती. टोळी निघायला चार दिवस उरले असताना काळीला मुंगसाने धरलं. गयाकाकू टोपलीत कोंडा घालून तिची अकरा अंडी घेऊन आमच्या दारात आली. डोळे सुजलेले होते.

"वहिनी, काळी गेली," ती मायला म्हणाली. "एवढंच उरलं तिचं. तांबडी खुडूक हाय म्हणं?"

"हाय. ठेव," माय म्हणाली.

इथे मी गप्प बसलो असतो तर हे प्रकरण लिहायची वेळ आली नसती. पण मी पुढे झालो. "काकू, कोंबडीखाली अकरातली दोन-तीन तरी जातेत. माझ्या यंत्रात घाला. अकराच्या अकरा पिलं काढून दावतो."

"अकराच्या अकरा?" तिने विचारलं. मग जरा घाबरत, "पैल्या बारीला उकडली म्हणं?"

"तवा थर्मामीटर न्हवता."

तिने मायकडे बघितलं. माय अंड्यांकडे बघत होती. "तू शिकलेला हायस बाबा," गयाकाकू म्हणाली आणि टोपली माझ्या हातात दिली. "माझं एवढंच हाय बघ." तेव्हा मला छाती फुगल्याचं आठवतं.

यंत्र साठ अंड्यांचं होतं, आणि आबांनी घरोघरी सांगून साठ जमवली. कुणाची अंडी कोणती ते कळावं म्हणून मी प्रत्येकावर कोळशाने घराचं पहिलं अक्षर काढलं. गयाकाकूच्या अकरांवर ग. ही माझी व्यवस्था बघायला आबा आले, त्यांनी पाठ थोपटली, सहकारात अशी शिस्त पाहिजे म्हणाले. दादा गोठ्यातून सगळं बघत होते. त्यांनी विचारलं, "पिलांच्या अंगावर बी येतेत का अक्षरं?" आबा म्हणाले, ते पुढं बघू.

आता तांबडीला बसायचं कारण उरलं नव्हतं. खुडूक कोंबडी अंडी देत नाही, रुसल्यासारखी फुगून कोपरा धरून राहते. तिची खुडूक मोडायचा उपाय गावात सगळ्यांना माहीत होता: पाण्यात बुचकळून काढायची. मी त्याच दुपारी तांबडीला धरलं आणि भरल्या बादलीत तीनदा बुचकळलं. ती जो ओरडा करत होती त्याने माय धावत आली.

"मुरल्या, काय करायलास?"

"खुडूक मोडायलो."

"पाणी कुणी आणलंय ते?"

मी बादलीकडे बघितलं. वर पिसं तरंगत होती आणि तळाला नको ते. मायची सकाळ होती ती, वाटी वाटी करून भरलेली. तिने पाणी फडक्यातून गाळलं, बैलांपुढे ठेवलं, तांबडीला पदराने पुसलं आणि रिकामा हंडा घेऊन पुन्हा नदीकडे गेली. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी गयाकाकूची टोळी गेली. त्याच्या दुसऱ्या दिवशी बाजार होता. माय सकाळीच तांबडीला टोपलीत झाकून वडवणीला गेली आणि रिकाम्या हाताने परत आली. मी विचारलं तर म्हणाली, "दिली." मला वाटलं, विकली. यंत्र मी त्या संध्याकाळी पेटवलं, साठ अंडी मोजून आत ठेवली, आणि दोन दिवसांत पारा एकशे एकवर पोहोचला.

तिथून पुढचे दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यांत सुखाचे. दिवसातून चारदा मी कांडी बाहेर काढी, वाची आणि परत ठेवी. एकशे एक. दुपारी एकशे एक. पहाटे, थंडीने माळवदावर दहिवर पडलेलं असताना, एकशे एक. वहीत मी सुंदर अक्षरात तो आकडा लिहीत गेलो. असा स्थिर पारा बीडच्या विजेच्या यंत्रातही मी पाहिला नव्हता. मग माझ्यातला शास्त्रज्ञ जागा झाला. रॉकेल रेशनवर होतं. थोडं वाचवून बघावं म्हणून मी वात खाली केली. पारा एकशे एक. आणखी खाली केली. एकशे एक. कंदिलात काजव्याएवढी ज्योत राहिली तरी पारा ढिम्म हलेना. शेणमातीच्या लेपामुळे उष्णता टिकते असा मी शोध लावला आणि प्रशिक्षण देणाऱ्या साहेबांना तसं सविस्तर पत्र लिहिलं. आबांनी ते पत्र टपालात टाकण्याआधी मारुतीच्या देवळात सगळ्यांना वाचून दाखवलं.

एके दिवशी दुपारी माय खोक्याजवळ आली. झाकण उचललं, एक अंडं घेतलं, डोळे मिटून पापणीला लावलं.

"गार हायत," ती म्हणाली.

"माय, हे बघ." मी कांडी तिच्यापुढे धरली. "एकशे एक. अंड्याला जेवढा ताप पाहिजे तेवढा."

तिने कांडी हातात घेतली, उलटसुलट केली, परत दिली. "मग ताप ह्या कांडीला हाय," ती म्हणाली. "अंड्याला न्हाई." आणि कामाला निघून गेली. सगळ्या प्रकाराचं इतकं अचूक निदान नंतर आलेल्या साहेबांनाही करता आलं नाही. मी मात्र हसलो. हे ऐकून हसलो होतो, एवढं लिहिलं तरी माझ्याबद्दल पुरेसं कळावं.

एकविसाव्या दिवशी खुद्द साहेब आले. माझं पत्र वाचून आले होते. आबांनी खोक्याला झेंडूचा हार घातला, नारळ फोडला, सहकारावर भाषण केलं. अंगणात अर्धं गाव. कुणीतरी काचेला कान लावून "चिवचिव ऐकू येतंय" म्हणालं. ती माळवदावरची चिमणी निघाली. जेवणवेळ टळली तरी खोक्यात काही हालचाल नव्हती. साहेबांनी थर्मामीटर मागितला, नीट पाहिला, आणि मग मनगटाने तीन-चार झटके दिले. मी ओरडलोच, म्हटलं पारा सांडेल. त्यांनी तो परत अंड्यांमध्ये ठेवला, घड्याळाकडे बघितलं, बाहेर काढला. पारा सगळ्यांत खालच्या रेघेपर्यंतसुद्धा चढला नव्हता.

"हा ताप बघायचा आहे," साहेब सावकाश म्हणाले. "एकदा चढला की चढला. झटकल्याशिवाय खाली येत नाही. तुम्ही झटकत नव्हता?"

"झटकायचा असतो?" मी विचारलं.

अंगणात इतकं शांत झालं की खरंच पिलं असती तर ऐकू आली असती. साहेबांनी एक अंडं फोडलं. वास सुटला आणि अर्धं गाव चार पावलं मागे सरलं. कुणीतरी मागून ओरडलं, "एकशे एक!" आणि मग जो हशा पिकला तो थांबेचना. त्या दुष्काळात लोक इतके हसलेले मी पाहिले नव्हते, तेवढंच माझ्या हातून झालेलं सामाजिक कार्य. आबा साहेबांना चहाला घेऊन गेले. संस्थेची पाटी पुढे आमच्या शेळीच्या खोपटाला दार म्हणून लागली. पाऊसपाण्याने सूर्य गेला, कोंबडा बरेच दिवस होता.

लोक गेल्यावर मी गोठ्यामागे बसून गयाकाकूची अंडी एकेक करून फोडली. दोनांत लाल रेषा धरली होती, जीव धरून सोडला होता. बाकीची नासलेली. टरफलं हातात घेऊन बसलो तेव्हा एक गोष्ट दिसली: पाचांवरचा ग बारीक, घाईतला होता आणि सहांवरचा मोठा, गोलसर, ठळक. मला वाटलं, सुरुवातीला आपण मन लावून काढले असतील. सगळी पुरली. त्या दिवशी मला माझ्या फजितीची लाज वाटली नाही. लोक हसले त्याचं दुःख होतंच, पण ते परवडलं. उसाच्या फडात रोज कोयता चालवताना गयाकाकूच्या मनात काय असेल, ते मला सोडेना.

नंतर मीही खडी फोडायला गेलो. तिथे माझं बारसं पुन्हा झालं. शिमगा उलटून पाडवा तोंडावर आला तसे टोळ्यांचे ट्रक परतायला लागले. गयाकाकूची टोळी बाजारच्या दिवशी वडवणीला उतरणार असं कळलं. गावात आल्यावर तिला दुसऱ्या कुणाकडून, हसत हसत कळण्याआधी आपण सांगायचं, असं ठरवून मी निघालो. माय बाजाराला येणारच होती. स्टँडवर पोहोचल्यावर ती "येते" म्हणून बाजारात शिरली.

ट्रकमधून गयाकाकू उतरली. काळी पडलेली, वाळलेली. डोक्यावर बोचकं, हातात फडक्यात गुंडाळलेला कोयता, मागे लेक. मला बघून तिचा चेहरा फुलला.

"काकू, अंडी गेली," मी म्हणालो. वाट बघितली असती तर धीर सुटला असता.

"किती?"

"अकराच्या अकरा. माझ्यामुळं. थर्मामीटर मला बघता येत न्हवता आन् मी येतो म्हणलं."

तिने बोचकं खाली ठेवलं. ओरडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. लेकीकडे बघत म्हणाली, "हिला वाटंत सांगत आलते, गेलं की काळीची पिलं दावते." मी तिथेच उभा राहिलो. खाली बसावं की पळून जावं ते कळेना, आणि रडू आलं ते भर स्टँडवर, बाजारच्या दिवशी, मिसरूड फुटलेला माणूस असून.

"गया, आधी पाणी पी," मागून मायचा आवाज आला. भाजीची पिशवी सांभाळत ती आली होती. "चल हसीनाकडं."

रशीदचाचांच्या दुकानाकडे मी त्या फजितीच्या दिवसापासून फिरकलो नव्हतो. त्यांची नळी निर्दोष होती आणि त्यांची ग्यारंटीही खरी ठरली होती. दुकानामागच्या अंगणात हसीनाबीने माठातलं पाणी दिलं. कोपऱ्यात बत्त्यांचे जुने सांगाडे पडले होते. त्यांच्यामधून आधी तांबडी बाहेर आली, तीच मानाची चाल, आणि तिच्यामागे पाच तलंगा, अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या. तीन काळ्या, दोन ठिपक्यांच्या. पाचही जणींच्या माना उघड्या.

गयाकाकू मटकन खाली बसली. लेक त्यांच्यामागे धावली, पिसं उडाली, गयाकाकू रडते आहे का हसते आहे ते कळेना. "वहिनी, ही तर काळी हाय. ही बी काळीच हाय," एवढंच म्हणत राहिली.

"सहा बसवली व्हती, जोडीनं का व्हईना," माय म्हणाली. "एक गेलं. तांबडी आधी दोन दिस रुसली, मग बसली."

माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडत होता. "मग यंत्रात अकरा कशी?" मी विचारलं.

"पाच गयाची. सहा आपल्या पांढरीची."

"सगळीच कावून न्हाई काढली?"

तिने माझ्याकडे असं बघितलं जसं काही उत्तर उघडंच होतं. "आन् तुझं चाललं असतं तर? वाट्यानं ठेवली. निम्मी तांबडीला, निम्मी तुला."

"अकराचं निम्मं करताना सहा तिला आन् पाच मला?"

"ती जुनी हाय," माय म्हणाली. "तू नवा."

हसीनाबी तोंडात पदर कोंबून हसायला लागली. रीतीप्रमाणे मायचा वाटा काढायला गयाकाकूने दोन तलंगा धरल्या, मायने त्या परत सोडल्या. मी मात्र अजून त्या सहा टरफलांपाशीच अडकलो होतो. मायला लिहिता येत नव्हतं. अंगठा उठवायची.

"माय, अंड्यांवर ग कुणी काढला?"

ती एकदम लाजली. मी तिला लाजलेलं त्याआधी पाहिलं नव्हतं. "तू रोज मोजायचास. कळलं असतं तुला. म्हणून तुझं बघून बघून काढलं कोळशानं. दोनदा पुसलं. ते काय हाय मला काय ठाव." मग पिशवी या हातातून त्या हातात घेत, हळूच, इतर कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात तिने विचारलं, "बरूबर आलं व्हतं का रे?"

पुढे तीस-बत्तीस वर्षं मी पोरांच्या पाट्या तपासल्या, वह्या तपासल्या, हजारो ग पाहिले. दर वर्षी पहिलीच्या वर्गात ग शिकवायचा दिवस आला की माझा खडू जरा वेळ फळ्याला टेकून तसाच राहायचा.

"बरूबर आलं व्हतं, माय," मी म्हणालो. "माझ्यापरीस चांगलं."